शब्दचर्चा: सार्वमत, कौल, जनादेश, लोकेच्छा. ब्रेक्झिटबद्दल लिहिताना कुठला शब्द कुठे?

पानटीप:
ब्रेक्झिटवरच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याबद्दल ब्रिटननं २०१६ मध्ये घेतलेल्या सार्वमतावरच्या, मराठी लेखनात सार्वमत, जनमत, जनमतसंग्रह, कौल आणि जनादेश हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. 'ब्रिटिश जनतेचा जनादेश', 'जनमत जिंकले', 'सर्वमताने बाहेर' अशी वाक्यं छापून आलेली दिसतात. काटेकोर लिहायचं तर भेद कुठे करावा? दुसरं म्हणजे 'पीपल्स व्होट' या, म्हणजे बाहेर पडण्याच्या करारावर लोकांना पुन्हा विचारा या, मागणीला फेरसार्वमत म्हणावं का?

कोशकीटक:
'सर्वमताने' आधी बाद करा. सर्वमत किंवा सर्वसंमती म्हणजे सगळ्यांचं एकच मत. सार्वमत म्हणजे सगळ्यांना विचारून घेतलेलं मत. सार्वजनिक, सार्वत्रिक, सार्वभौम यांतला 'सार्व' तोच आहे. त्यामुळे ५२-४८ अशी फाळणी झाली तरी ते सार्वमतच. 'सर्वांचं मत कुठे होतं?' हा आक्षेप वृद्धी, म्हणजे 'सर्व'चं 'सार्व' होणं, न ओळखल्यामुळे येतो.

जनमत हा लोकांच्या मनातला कल. तो बदलता असतो, चाचणीतून अजमावतात. सार्वमत ही एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या प्रश्नावर, मतपत्रिकेनं होणारी प्रक्रिया. जनमतसंग्रह हिंदीतून येतो. चुकीचा नाही, पण मराठीत त्याची गरज नाही.

क्रियापदंही जपा. सार्वमत घेतात, ते होतं, त्याचा निकाल लागतो. कौल मागतात, देतात, मिळतो. 'सार्वमत मिळाले' हे कौलाचं क्रियापद सार्वमताला चिकटवल्यामुळे होतं.

मांडवीकाठ:
कौल हा शब्द गोव्यातून पाहिला की जास्त उमगतो. अरबी 'कौल' म्हणजे शब्द, वचन. तिथूनच मराठी दप्तरातला कौलनामा आला. देवळातला कौल मात्र वेगळ्या चालीचा. मूर्तीवर ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं, आणि कुठल्या बाजूचं आधी पडतं ते पाहायचं. बहुधा उजवं म्हणजे होकार. देवस्थानागणिक तपशील बदलतो. एक अट मात्र सगळीकडे तीच: प्रश्न दोन बाजूंचा आणि नेमका हवा. 'लग्न करू का' याचा कौल मिळतो, 'कुणाशी, कधी, हुंड्याविना की कसं' याचा त्याच पाकळीतून मिळत नाही. ब्रेक्झिटचं नेमकं तिथेच अडलं.

गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रातल्या विलीनीकरणावर जे मतदान झालं त्याला आजही 'जनमत कौल' म्हणतात. संसदेच्या १९६६ च्या कायद्यातही 'ओपिनियन पोल' हाच शब्द आहे. त्याला सार्वमत म्हणणं ढिलं होईल, कारण आपल्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूदच नाही. राज्यांच्या सीमा ठरवण्याचा अधिकार अनुच्छेद ३ नुसार संसदेचा. लोकांना फक्त विचारायचं होतं. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित राहण्याला दोन पानं अशी चिन्हं होती. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१, बाजूनं १,३८,१७०. म्हणजे ३४,०२१ चा फरक.

आता गंमत बघा. याच निकालानंतर मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १६ जागा मिळाल्या, विलीनीकरणविरोधी युनायटेड गोअन्स पक्षाला १२, आणि भाऊसाहेब बांदोडकर परत मुख्यमंत्री झाले. जेमतेम अडीच महिन्यांत त्याच मतदारांनी प्रश्नावर एक कौल दिला आणि सत्तेसाठी दुसरा जनादेश. दोन्ही खरे. म्हणून मी हे दोन शब्द कधीच एकमेकांच्या जागी वापरणार नाही.

आकडेमोड:
गोव्याच्या टक्केवारीत एक खड्डा आहे. कुठे ५४.२ वाचाल, कुठे ५५.५. पहिली एकूण पडलेल्या ३,१७,६३३ मतांवर काढलेली, दुसरी बाद मतं वगळून. भागाकार कशानं केला ते लिहिल्याशिवाय टक्के देऊ नयेत.

ब्रिटनमध्येही हेच. बाहेर पडण्याच्या बाजूनं १,७४,१०,७४२, राहण्याच्या बाजूनं १,६१,४१,२४१. वैध मतांच्या ५१.८९ आणि ४८.११ टक्के. फरक १२,६९,५०१ मतांचा. नोंदलेले मतदार सुमारे ४ कोटी ६५ लाख, मतदान ७२.२ टक्के. म्हणजे बाहेर पडायला होकार देणारे एकूण मतदारांच्या ३७.४ टक्के भरतात. '५२ टक्के ब्रिटिश जनतेने' हे वाक्य म्हणून चूक. 'मतदान केलेल्यांपैकी ५२ टक्के' म्हणा. आणि दोन बाजूंमधला फरक '३.७८ टक्के' नव्हे, ३.७८ टक्केबिंदू.

'ब्रिटन' हा शब्दही सांभाळून. इंग्लंड आणि वेल्सनं बाहेर म्हटलं, स्कॉटलंडनं ६२ टक्क्यांनी आणि उत्तर आयर्लंडनं ५५.८ टक्क्यांनी आत. 'इंग्लंडचं सार्वमत' असं सवयीनं लिहून जातो आपण, आणि इथे तीच सवय मुद्दा बुडवते.

संसदपाहणी:
जनादेशाबद्दल. 'आदेश' आहे म्हणजे पाळायची सक्ती आली. ती कायद्यात होती का, हे पाहावं लागतं. मतदानपद्धती बदलण्यावर ५ मे २०११ ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. त्याच्या कायद्यातच तरतूद होती की होकार आला तर मंत्र्यानं बदल लागू करायचा. (आला नकार, ६७.९ टक्के.) युरोपीय संघावरच्या सार्वमताच्या २०१५ च्या कायद्यात तसं एकही कलम नाही. निकालानंतर काय करायचं याबद्दल तो गप्प आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २४ जानेवारी २०१७ ला ८ विरुद्ध ३ असा निर्णय दिला त्यात हाही मुद्दा धरला: बाहेर पडण्याची नोटीस द्यायला सरकारला आधी संसदेचा कायदा लागेल. तो मार्चमध्ये झाला, २९ मार्च २०१७ ला पत्र गेलं. तेव्हा शब्द 'सल्लादायी सार्वमत'. जनादेश नाही.

उलटतपासणी:
कायद्यानं बरोबर, राजकारणानं अर्धवट. मतदानाआधी सरकारनं घरोघरी पत्रक पाठवलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलेलं: निर्णय तुमचा, तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल. ज्यानं ते वाचून मत टाकलं त्याला नंतर 'अहो, तो फक्त सल्ला होता' सांगणं म्हणजे दुकानदारानं पैसे घेतल्यावर पाटीकडे बोट दाखवणं. 'सल्लादायी' एकटा वापरलात तर वाचकाला वाटेल लोकांनी उगाच आरडाओरडा केला. 'कायद्यानं सल्लादायी, राजकीयदृष्ट्या बांधील' असं जोडीनं लिहा. लांब होतं, पण चित्र पूर्ण येतं.

संसदपाहणी:
मान्य. पण कशाला बांधील? मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते: युरोपीय संघात राहावं, की बाहेर पडावं. बाहेर पडून एकल बाजारपेठेत (सदस्य देशांच्या सामायिक बाजारपेठेत) राहायचं का, सीमाशुल्क संघात (आपसांत जकात नाही, बाहेरच्यांना एकच) राहायचं का, आयर्लंडच्या सुमारे ५०० किलोमीटर जमिनीवरच्या सीमेवर तपासणीचं काय, यावर कौल मागितलाच नव्हता. म्हणून प्रत्येक गट आपापली योजना 'लोकेच्छा' म्हणून पुढे करत राहिला. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार संसदेत १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२, १२ मार्चला ३९१ विरुद्ध २४२ आणि २९ मार्चला ३४४ विरुद्ध २८६ असा तीनदा पडला. मधल्या २७ मार्चला आठ पर्यायांवर मतं घेतली, १ एप्रिलला चारांवर. एकालाही बहुमत नाही. खासदार लोकेच्छा नाकारत होते असं तेव्हा अनेकांनी लिहिलं. माझ्या मते ते लोकेच्छेचा न लिहिलेला भाग आपापसांत वाटून घेत होते आणि वाटा कुणालाच पुरेना.

लोकेच्छा हा शब्द म्हणून मी फक्त कुणाच्या तरी तोंडी घालतो: 'अमुक यांनी याला लोकेच्छा म्हटलं.' लेखकाच्या आवाजात नाही.

कोशकीटक:
प्रश्नाचा मसुदाही यातच धरा. आधीच्या विधेयकात 'राहावे का? होय / नाही' असं होतं. निवडणूक आयोगाच्या शिफारशीवरून ते 'राहावे / बाहेर पडावे' असं झालं, कारण होय-नाही अशा प्रश्नात 'होय'वाल्यांना उगाच झुकतं माप मिळतं. ग्रीसचं उदाहरण याहून विचित्र. ५ जुलै २०१५ ला कर्जदात्यांच्या प्रस्तावावर सार्वमत झालं, पण ज्या कर्जकार्यक्रमासाठी तो प्रस्ताव होता त्याची मुदत ३० जूनलाच संपली होती. ६१ टक्क्यांनी नकार आला आणि १३ जुलैला त्याच सरकारनं कठोर अटी मान्य केल्या. तिथे 'कौल धुडकावला' म्हणावं की 'कौल निरर्थक ठरला', यावर वाद होऊ शकतो. मी दुसरं म्हणेन.

पानटीप:
फेरसार्वमताचं राहिलं.

आकडेमोड:
नको. आपल्याकडे फेरमतदान म्हणजे एखाद्या केंद्रावरचं मतदान रद्द करून पुन्हा घेणं, फेरमोजणी म्हणजे आधीची मोजणी बाजूला ठेवणं. 'फेर' लावलं की पहिलं अवैध ठरलं असा वास येतो, आणि विरोधकांचा आरोप नेमका तोच होता. मागणी करणाऱ्यांचं म्हणणं वेगळं: पहिलं राहू द्या, आता तयार कराराबद्दल विचारा. म्हणून 'दुसरे सार्वमत' किंवा 'करारावरील सार्वमत'. आयर्लंडनं युरोपीय संघाचा लिस्बन करार २००८ मध्ये ५३.४ टक्क्यांनी नाकारला आणि काही हमी मिळाल्यावर २००९ मध्ये ६७.१ टक्क्यांनी स्वीकारला. तेही दुसरंच, फेर नव्हे.

मांडवीकाठ:
स्कॉटलंडही गोव्याच्याच वळणाचं. १८ सप्टेंबर २०१४ ला स्वातंत्र्याला ५५.३ टक्के नकार, आणि मे २०१५ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षाला तिथल्या ५९ पैकी ५६ जागा. जागांचा आकडा बघून 'स्कॉटलंडनं मत बदललं' असं कुणी लिहिलं तर तो कौल आणि जनादेश यांचा गोंधळ.

उलटतपासणी:
जाता जाता, संसदीय शब्दांतला एक घोळ. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सरकारनं ब्रिटिश संसद पाच आठवड्यांसाठी बंद केली, तेव्हा कुणी 'तहकूब' लिहिलं, कुणी 'निलंबित', एकानं तर 'बरखास्त'. तहकूब म्हणजे बैठक पुढे ढकलणं, बरखास्त म्हणजे सभागृहाची मुदतच संपवणं. अधिवेशन संपवण्याला आपल्या विधिमंडळात 'संस्थगित' म्हणतात, तोच इथे चालतो. २४ सप्टेंबरला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ते संस्थगन बेकायदा ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं ते नवं अधिवेशन नव्हतं, जुनंच चालू होतं. 'नवे अधिवेशन सुरू' असं लिहिलं तर निकालाचा अर्थच उलटा होतो.

पानटीप:
'पडसाद' आणि 'परिणाम' यांत काही फरक ठेवावा का?

कोशकीटक:
ठेवा. पडसाद म्हणजे प्रतिध्वनी, लगेच उमटणारा: २४ जून २०१६ ला तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरन यांनी राजीनाम्याची घोषणा केली, पौंड कोसळला. परिणाम म्हणजे ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन खरोखर बाहेर पडला आणि संक्रमणकाळ त्या वर्षअखेरीस संपला. साडेतीन वर्षांनी झालेल्या गोष्टीला पडसाद म्हणू नये.