विषय: जपानी लग्नात आहेर किती घालायचा?

नमस्कार मंडळी,
इंदूरहून लिहितेय, राजेंद्र नगर. मुलगा तोक्योत असतो, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे येतोय आणि नेमकं तेव्हाच त्याच्या ऑफिसातल्या मित्राचं लग्न निघालंय, तर त्याने आम्हालाही रिसेप्शनला बोलावलंय. मी राजवाड्यावरून ते एक रुपयाचं नाणं चिकटवलेले लिफाफे आणून ठेवलेत. घालायचे किती तेवढं सांगा. मुलाला विचारलं तर म्हणतो मी बघतो, आणि त्याचं 'मी बघतो' म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ऑफ-व्हाइट चंदेरी नेसले तर चालेल ना?

---

काकू नमस्कार,
मी पण इंदूरचाच, रामबागेतला, इथे जपानात 11 वर्षं झाली. चंदेरी राहू द्या, पांढरं त्या दिवशी फक्त नवरीचं.
आहेराला इथे गोशूगी म्हणतात. मित्र किंवा ऑफिसवाला असेल तर साधारण 30,000 येन, जोडप्याचे मिळून 50,000. आकडा विषमच हवा, दोघांत सारखा वाटला जायला नको म्हणून. 4 आणि 9 तर नकोच, एकाचा उच्चार मरणासारखा, दुसऱ्याचा कष्टासारखा. नोटा कोऱ्या करकरीत, बँकेतून बदलून आणायच्या. वापरलेल्या नोटा मयताच्या पाकिटात चालतात, इथे नाही.
आता लिफाफा. त्यावर कागदी दोऱ्यांची गाठ असते, ती सुटणारी नको. फुलासारखी सुटते ती गाठ बारशाबिरशाला. दुकानात सगळे एकाच रॅकवर लटकवलेले असतात, काळ्या-पांढऱ्या दोरीचा अजिबात उचलू नका, मी पहिल्या वर्षी उचलला होता, काउंटरवरच्या बाईने हळूच बदलून दिला म्हणून वाचलो भिया.
आणि येणार की नाही ते मुलाला आजच कळवायला सांगा. इथे आयत्या वेळी पंगतीत सरकून बसवत नाहीत, प्रत्येक खुर्चीपुढे नावाचं कार्ड असतं.

---

मंडळी, इंदूरला परत आलो. सविस्तर लिहिते.
दारातच टेबल, वहीत नाव लिहायचं, मी देवनागरीतच लिहिलं. लिफाफा रेशमी रुमालातून काढून दोन्ही हातांनी दिला. इथवर सगळं ठीक. पण वरचा एक रुपया नाही म्हणजे मला कसं चैन पडणार, म्हणून मी आपल्या लिफाफ्यावरचं नाणं नखाने खरवडून आणलं होतं, ते पण पुढे केलं. एका बाजूला गोंद तसाच. मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. टेबलावरच्या मुलीने ते तळहातावर घेऊन काय म्हणून विचारलं, मग त्याला सांगावंच लागलं की आमच्याकडे 100 देत नाहीत, 101 देतात. ती हसून काहीतरी म्हणाली, मुलगा म्हणाला, आई ती म्हणतेय "म्हणजे भाग जात नाही!"
पुढे अडीच तास घड्याळावर. नवरी मध्येच उठून गेली, मला वाटलं बरं नाही का काय, तर कपडे बदलून आली. शेवटी तिने आईवडिलांना लिहिलेलं पत्र वाचलं. एक अक्षर कळलं नाही पण माझा रुमाल भिजला, ह्यांचा पण, ते कबूल करत नाहीत.
खरी गंमत पुढे. केक कापला तर त्याला कापणं म्हणत नाहीत, सुरी घालणं म्हणतात. आणि समारंभ संपला असं माइकवाला म्हणाला नाही, त्याने जो शब्द वापरला त्याचा अर्थ म्हणे 'उघडणं'. मी ह्यांना म्हटलं, अहो ही तर आपलीच माणसं, आपण नाही का नारळ वाढवतो, बांगडी वाढवतो, निघताना 'येतो' म्हणतो!
जाताना दर घरामागे एक जाड पिशवी दिली. आत झाडाच्या खोडासारखा वर्तुळावर्तुळांचा केक आणि एक कॅटलॉग, त्यातून आवडेल ती वस्तू आपण निवडायची, घरपोच येते. म्हणजे आहेराचा परतीचा आहेर, तोही आपल्या पसंतीने. मी चहाच्या कपांवर बोट ठेवून आले.

---

काकू, कप आले का?

---

मुलाने फ्राइंग पॅन मागवला.