जुन्या बोटीतली गॅली (स्वयंपाकघर) नव्याने करायची आहे: प्लाय, गॅस, शीतपेटी

सुकाणू३२
३२ फुटी फायबरग्लासची शिडाची बोट, १९८० च्या आसपासची. सिंकखालचं प्लाय काळं पडून भुसभुशीत झालंय, शीतपेटीत बर्फ टिकत नाही आणि शेगडीची गॅसनळी मूळचीच आहे. सगळं उपटून नव्याने करायचंय, शीतपेटीला १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरही जोडायचाय. प्लाय कुठलं, इन्सुलेशन किती जाडीचं आणि सुरुवात कुठून करावी?

डोलकाठी
सुतारकाम शेवटी. आधी हलमधून (बोटीच्या बाहेरच्या कवचातून) बाहेर जाणारे सीकॉक, म्हणजे पाणी बंद करायच्या झडपा, आणि नळ्या, मग गॅस, वायरिंग, शीतपेटी, आणि सर्वात शेवटी ओटा. सीकॉकचा पितळी भाग खरवडल्यावर गुलाबी दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय, तो बदलाच. कांस्य किंवा ग्लासभरित नायलॉन घ्या.

प्लाय बीएस १०८८ या ब्रिटिश मरीन प्लाय मानकाचं, उभ्या फळ्यांना १२ मिमी, ओट्याला १८. पण त्या शिक्क्यावर विसंबू नका. डिंक पाण्याला दाद देत नाही, तरी आतलं ओकुमे लाकूड ओल धरली की कुजतंच. पाणी शिरतं ते कापलेल्या कडांतून. म्हणून प्रत्येक कडेला, सिंकच्या भोकाला आणि स्क्रूच्या भोकांनाही पातळ इपॉक्सीचे तीन हात द्या.

फळीची कड हलला थेट टेकवू नका. लाटेच्या माऱ्याने हल किंचित लवतो आणि जिथे टोक रुतलंय तिथेच तडा जातो. ८-१० मिमी फट ठेवून फोमची पट्टी बसवा, इपॉक्सीची गोलाई भरा आणि दोन्ही बाजूंना ७५ मिमी ग्लासटेप चढवा. त्याआधी रंग घासून कोरा फायबरग्लास उघडा करा. मात्र ॲसिटोनने पुसणं घासण्याच्या *आधी*. नाहीतर तेलकटपणा घासून आत जिरतो.

कूज बल्कहेडपर्यंत (बोटीच्या आतल्या आडव्या भिंतीपर्यंत) पोहोचली आहे का, ते पेचकस टोचून बघा. तो सांगाड्याचा भाग आहे, कपाटासारखा कापून चालत नाही.

निळीज्योत
गॅसबद्दल. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की थेट बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, साचतो. सिलिंडरचा कप्पा केबिनपासून हवाबंद आणि वरून उघडणारा हवा. त्याच्या तळातून निदान १३ मिमी आतल्या व्यासाची नळी सलग उताराने पाणरेषेच्या वर बाहेर काढा. मध्ये झोळ राहिला तर त्यात पाणी अडतं आणि गॅसची वाट बंद होते.

कप्प्यापासून शेगडीपर्यंत नळी अखंड ठेवा, कपाटामागे सांधा नको. सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या मध्ये दाबमापक बसवा. तपासताना बर्नर बंद, सोलेनॉइड (विजेवर चालणारी गॅसची झडप) चालू. सिलिंडर उघडून पुन्हा बंद करा आणि किमान तीन मिनिटं काटा खाली येत नाही ना, ते बघा. सोलेनॉइड बंद ठेवून बघितलंत तर त्याच्या पुढची नळी तपासलीच जात नाही. बरेच जण इथेच फसतात.

शेगडी झुलती असेल तर दोन्ही बाजूंना पूर्ण कलवून नळी ताणली किंवा चिमटली जात नाही ना, ते ओटा बसवण्याआधी बघा.

थंडपेटी
बर्फ न टिकण्याचं कारण बहुधा दोनपैकी एक: जुना फोम पाणी पिऊन जड झालाय, किंवा तळाच्या निचऱ्याच्या भोकातून थंड हवा खाली वाहून जातेय. कॉम्प्रेसर लावणार असाल तर ते भोक बुजवूनच टाका. बंद पेशींचा फोम, बाजूंना १०० मिमी, दोन थरांत आणि सांधे एकावर एक न येता. झाकणाला ७५ चालेल, पण रबरी गॅस्केट दुहेरी हवं. ओतायचा फोम वापरायचा मोह होतो; तो एकदम ओतला की फुगून आतलं अस्तर वाकवतो. थोडा थोडा ओता.

वायर कथिलाचा मुलामा दिलेली. बॅटरीपासून ४ मीटरला ४ चौरस मिमी, ६ मीटरला ६. बारीक वायरवर कॉम्प्रेसर सुरू होतानाच व्होल्टेज पडतं आणि तो बंद पडतो, लोक मात्र बॅटरीला दोष देतात.

सुकाणू३२
सिंकच्या कडेला सिलिकॉन चालेल?

डोलकाठी
ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी) लावा. सिलिकॉनच्या अंशावर पुढे इपॉक्सी धरत नाही, रंगही नाही. आणि सिंक बाजूला असेल तर बोट कलल्यावर पाणी उलटं वर येतं, त्यामुळे निघण्याआधी तो सीकॉक बंद. त्याच्यापर्यंत हात पोहोचेल असं दार कपाटाला ठेवाच.