उत्तर: फिनिक्सच्या उन्हात कासव अंगणात ठेवावं का

४५ डिग्रीत कासव बाहेर ठेवायचं म्हणजे हाल करणं, घरात एसीत ठेवा, असं वर दोघांनी लिहिलंय, पण सोनोरन डेझर्ट टॉर्टॉइज हे जमिनीवरचं कासव याच, म्हणजे अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सभोवतीच्या वाळवंटातलं आहे हो, त्याला अंगणच पाहिजे, फक्त बीळ नीट पाहिजे. सगळा खेळ बिळाचा आहे! काँक्रीट ब्लॉकच्या भिंती, वर जाड प्लायवूड आणि त्यावर निदान फूटभर माती, आणि तोंड पश्चिमेला अजिबात नको, दुपारचं ऊन थेट आत गेलं की आतली माती तापते आणि मग त्याला पळायला दुसरी जागाच उरत नाही. नुसती प्लास्टिकची पेटी उपडी घालून सावली केली असं कृपया करू नका, ती भट्टी होते.

पाणी उथळ ताटलीत, सकाळी. खायला गवत, निवडुंगाची काटे काढलेली पानं, जास्वंदीची फुलं. कुत्र्याचं खाणं कधीच नाही. स्विमिंग पूल असेल तर कुंपण आधी, कासव नंतर, ते बुडतं.

हिवाळ्यात ते बिळात झोपून राहतं, तेव्हा उठवून खायला घालू नका.

आणि रानातून उचलून आणू नका, बेकायदा आहे. ॲरिझोनाचं गेम अँड फिश खातं (राज्याचं वन्यजीव खातं) कासवं दत्तक देतं, तिथे अर्ज करा. भारतातून कोणी वाचत असेल तर आपलं तारा कासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, दुकानदार काहीही सांगो.