राउटरमध्ये डीएनएस बदललं म्हणजे तुम्ही बघता त्या साइट झाकल्या गेल्या असं नाही
आपण कोणत्या साइट बघतो ते नेट कंपनीपासून लपवायचं तर दोन मुद्दे सांगितले जातात: 'साइट एचटीटीपीएस असली की नेट कंपनीला काही दिसत नाही' आणि 'राउटरमध्ये डीएनएस १.१.१.१ करा, झालं'. दोन्ही अर्धेच खरे आहेत. (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा; १.१.१.१ ही क्लाउडफ्लेअर या कंपनीची.)

एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साइटशी असलेल्या कूटबद्ध जोडणीमुळे, पानावरचा मजकूर, पासवर्ड झाकले जातात. साइटचं नाव नाही. डीएनएसची विचारणा ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे जोडणीचं ठरलेलं दार) साध्या मजकुरात जाते. राउटरमध्ये १.१.१.१ टाकलंत तरी ती तुमच्या कंपनीच्याच तारेतून उघडी जाते. कंपनी ती वाचू शकते, परस्पर स्वतःच्या सर्व्हरकडे वळवूही शकते.

ही गळती फोनवर बंद करणं सोपं आहे. अँड्रॉइड ९ पासून नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं, ते ही विचारणा झाकून पाठवतं. तिथे आकडे चालत नाहीत, सर्व्हरचं नावच लागतं; क्लाउडफ्लेअरसाठी 'वन' हा इंग्रजी शब्द चारदा, मध्ये टिंब देऊन. हे ८५३ पोर्ट वापरतं. हॉटेल-ऑफिसच्या वायफायवर ते अडवलेलं असेल तर नेटच गेल्यासारखं वाटतं. तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करा, बाहेर पडल्यावर आठवणीने परत बदला.

कंपनीने दिलेल्या राउटरवर बहुधा टीआर-०६९ चालू असतं, म्हणजे त्यांना लांबूनही सेटिंग बदलता येतं. म्हणून बदल राउटरवर नको, प्रत्येक उपकरणावर करा.

तरीही टीएलएस (एचटीटीपीएसमागचं कूटबद्धीकरण) जोडणीच्या पहिल्या निरोपात, एसएनआय नावाच्या भागात, साइटचं नाव उरतंच. ते लपवायला साइट आणि ब्राउझर दोघांकडे ईसीएच (त्या निरोपातलं नावही कूटबद्ध करणारी सोय) हवं, नाहीतर व्हीपीएन, म्हणजे सगळी ये-जा दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे झाकून नेणारी सेवा. पण मग तीच सगळी माहिती व्हीपीएनवाल्याच्या हातात जाते, फुकटचा असेल तर मी मुळीच घेऊ देणार नाही.