धुणी-भांडी, झाडू-फिनाइल: तुमच्याकडे कुठे वाचतात पैसे?

हिशेबनीस

तूरडाळ दहा रुपयांनी वाढली की घरात चर्चासत्र भरतं, पण त्याच वाणसामानाच्या यादीत खाली जे असतं ना, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, फिनाइल, डासांचं रिफिल, कचऱ्याच्या पिशव्या, त्याकडे कोणी बघतच नाही, "लागतंच" म्हणून घेऊन टाकतो. त्यावर बोलूया. खाण्याच्या वस्तू इथे नकोत.

माझ्यापासून सुरू करते. माझं मत असं की स्वस्त ब्रँड शोधण्यापेक्षा माप कमी करण्यात जास्त वाचतं. आमच्याकडे भांड्यांना मावशी येतात, साबणाची वडी वाटीत पाण्यातच बसलेली असायची आणि संध्याकाळपर्यंत तिचा लगदा. आता नवी वडी आणली की सुरीने चार तुकडे करते, एक तुकडा खाली भोकं असलेल्या डबीत, बाकीचे फळीवर. मावशींना एका शब्दाने काही सांगावं लागलं नाही. अंगाच्या साबणाचं वेष्टन काढून कपाटात साड्यांच्या घडीत ठेवते, वाळून कडक झालेला साबण सावकाश झिजतो. आजीच्या ट्रंकेत असायचेच असे साबण, आम्हाला वाटायचं वासासाठी.

लिहा मंडळी. एकच अट, स्वतः केलेलं लिहा, व्हॉट्सॅपवर आलेलं नको.

वाटाणा

मापाचं पटलं पण भाव बघणं सोडू नका. पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात युनिट सेल प्राइस छापलेली असते, ती वाचायची सवय लावून घ्या. त्यात एक गोम आहे, पाकीट किलोच्या आतलं असेल तर भाव ग्रॅममागे असतो आणि किलोच्या वरचं असेल तर किलोमागे, म्हणजे एकावर ०.१४ आणि दुसऱ्यावर १३५ असं दिसतं आणि माणूस गडबडतो. ग्रॅमच्या भावाला हजाराने गुणायचं, बस. ०.१४ म्हणजे १४० रुपये किलो.

आणि मोठं पाकीट म्हणजे स्वस्त हे आपल्याकडे डोळे झाकून धरू नका. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी बऱ्याचदा बाटलीपेक्षा मिलीमागे स्वस्त पडते, तोच ब्रँड, तोच शाम्पू! पावडरच्या दहा रुपयांच्या पाकिटांचंही कधी कधी तसंच. मी पुड्यांची माळच आणतो आणि जुन्या बाटलीत रिकामी करतो. घरात सगळे हसतात, हसू देत.

रानजाई

वाटाणा, पैशाचं ठीक आहे हो, पण त्या पुड्यांचा कचरा? त्याचं प्लास्टिक कोणी भंगारवालासुद्धा घेत नाही. मला नाही पटत.

वाटाणा

मान्य आहे. पण धागा पैसे वाचवण्याचा आहे ना 😀

तिसरा मजला

आमचं उदाहरण पाण्याचं आहे. आधी पेठेत राहायचो, तिथे खडकवासल्याचं कॉर्पोरेशनचं पाणी, चमचाभर पावडरीत बादलीभर फेस. मग नव्या स्कीममध्ये फ्लॅट घेतला, इथे बोअर आणि टँकर. तीच पावडर, तेच मशीन, आणि कपडे निघायचे कडक, टॉवेल तर पापडासारखे, फेस नाही म्हणून आम्ही पावडर वाढवत गेलो आणि नळाभोवती पांढरे थर वेगळेच. शेवटी सासूबाई म्हणाल्या अगं पाणी जड आहे, सोडा घाल. सोडा म्हणजे धुण्याचा सोडा, खायचा नव्हे. वाण्याकडे सुटा मिळतो, पावडरीपेक्षा कितीतरी स्वस्त. एका लोडला एक मोठा चमचा सोडा आणि पावडर आधीच्या निम्मी, एवढ्यात चादरी, टॉवेल, मुलांचे युनिफॉर्म व्यवस्थित निघतात. रेशमी आणि लोकरीला मात्र अजिबात नाही, आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांपासून लांब ठेवा, काळी पडतात.

फॅब्रिक कंडिशनर तर बंदच केलं. त्याने टॉवेल मऊ लागतो पण पाणी टिपत नाही, मग टॉवेल कशाला म्हणायचं त्याला?

राइनकाठ

तिसरा मजला, हे वाचून अगदी जवळचं वाटलं कारण जर्मनीत हे सगळं पाकिटावरच छापलेलं असतं. मऊ, मध्यम आणि जड पाणी असे तीन रकाने आणि कपडे किती मळलेत त्याप्रमाणे किती मिली घालायचं ते. आपल्या गावाचं पाणी कुठल्या रकान्यात बसतं ते पाणीपुरवठ्याच्या साइटवर मिळतं. नवीन आलेले आपले लोक ते न बघता झाकण भरून ओततात, जास्त घातलं की जास्त स्वच्छ हा आपला समज. फ्रंट लोडमध्ये जास्त पावडर गेली तर ती पूर्ण धुतली जात नाही, दाराच्या रबरात चिकटून बसते आणि मग कुबट वास येतो, मग त्या वासासाठी वेगळं क्लीनर विकत घ्यायचं!

इथे ड्रगस्टोअरच्या स्वतःच्या ब्रँडचं सगळं घेते, डीएम किंवा रॉसमनचं, पावडर, डिशवॉशरच्या गोळ्या, सगळंच. नामवंत ब्रँडपेक्षा बरंच स्वस्त आणि आमच्या कपड्यांना तरी फरक कळलेला नाही. क्षार काढायला महागडं डीकॅल्सिफायर न घेता सायट्रिक अॅसिडची पूड घेते, आपलं लिंबूफूल. फक्त केटलमध्ये ते घालून उकळू नका, गरम केलं की त्याचाच वेगळा न विरघळणारा थर बसतो. गार पाण्यात घालून ठेवायचं, अर्ध्या तासाने ओतून द्यायचं, दोनदा विसळायचं.

नवसागर

धाग्यात आता घरगुती रसायनशाळा सुरू होणार हे दिसतंय म्हणून आधीच लिहितो, माझं कामच केमिकल्सचं आहे.

एक, व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून जो फेस येतो तो बघायला छान असतो पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी. सोडा वेगळा वापरा, व्हिनेगर वेगळं. दोन, संडास साफ करायचं जे अॅसिडवालं लिक्विड असतं ते आणि ब्लीच कधीही, कधीही एकत्र ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि आपली बाथरूम असते चार बाय सहाची, खिडकीसुद्धा नाही धड. तीन, स्वस्त मिळतं म्हणून लिक्विड ब्लीचचा पाच लिटरचा कॅन भरून ठेवू नका. ते नुसतं ठेवल्या ठेवल्या कमजोर होत जातं, उन्हाळ्यात तर लवकरच. लागेल तेवढंच आणा.

पांढरं फिनाइल मात्र खुशाल घरी करा. रविवार पेठेत, बोहरी आळीकडे, केमिकलच्या दुकानांत त्याचं कॉन्सन्ट्रेट मिळतं, मुंबईकरांना मस्जिद बंदरला. बाटलीवर लिहिलेलं असतं किती पाणी घालायचं ते, तेवढंच घालायचं, ढवळायचं, दुधासारखं झालं की झालं. तयार बाटल्यांमध्ये आपण मुख्यतः पाण्याच्या वाहतुकीचे पैसे देतो हो.

सोलापुरी

आमच्या घरात कपड्याला निवृत्ती नाही. नवा टीशर्ट, मग घरात घालायचा, मग रात्री झोपताना, मग बाह्या कापून ओट्याचं फडकं, मग गाडी पुसायला, आणि शेवटी वडील त्याचा बोळा करून मोरीची गळती थांबवतात. हसण्यावारी नेऊ नका, त्यामुळे किचन टिश्यूचा रोल आमच्या यादीत कधी आलाच नाही. पुसायला सगळ्यात उत्तम म्हणजे जुना सुती बनियन आणि जुन्या धोतराचं कापड. नवं फडकं पाणी नुसतं इकडून तिकडे फिरवतं. पॉलिस्टरचं काही कापत बसू नका, टिपतच नाही.

सुती साड्यांना खळ पण घरचीच, साबुदाणा शिजवून गाळून. स्प्रेची बाटली कशाला?

जुन्या साड्यांची गोधडी आई शिवते. जरीच्या मात्र बोहारणीला. घासाघीस करायला आमची आई आणि ती बोहारीण दोघी जिन्यात बसतात, ती म्हणते दोन साड्या आणि एक पँट टाका बाई, आई म्हणते ही कढई नको झाकणाचा डबा दे, तिचं गाठोडं दोनदा बांधून होतं, ती अर्धा जिना उतरते, आई दार लावते, आणि मग परत वर. दोघींनाही माहीत असतं काय होणार ते.

रानजाई

आमच्याकडे परसात घोसाळ्याचा वेल आहे, खायचं तेवढं खाऊन उरलेली तशीच वेलावर जून होऊ द्यायची. वाळली की आत बिया खुळखुळतात, साल काढून टाकली की आतली जाळी मिळते, तिचे तुकडे करून एक अंग घासायला, बाकी भांड्यांना. नॉनस्टिकला ओरखडेही पडत नाहीत. करपलेल्या भांड्याला मात्र काथ्याच लागतो, नारळ सोलला की शेंडी टाकत नाही. अंगणाला हिरांचा खराटा, तो आमचे गडी पावसात पडवीत बसून बांधतात.

रिठ्याबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून? रात्री भिजत घालायचे, सकाळी बिया काढून उकळायचे, कुस्करून गाळायचे. रेशमी साड्या, स्वेटर, सोन्याचे दागिने, सगळ्याला चालतं. पांढऱ्या कपड्यांना नको, किंचित पिवळट झाक येते. आणि ते पाणी बाहेर टिकत नाही, फ्रिजमध्ये ठेवा आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा, आमच्याकडे पाहुण्यांनी कोकम समजून ग्लासात ओतलं होतं 🙈

एक्स-पुणेकर, सध्या ह्यूस्टन

पैठणी रिठ्यात?? माझी तर हिंमत नाही होणार.

रानजाई

पैठणी नव्हे हो, साधं रेशीम. पैठणी कोण घरी धुतं!

सायलीची आई

मुलगी झाली तेव्हा डायपरवर इतका खर्च होईल असं कोणी सांगितलंच नव्हतं. दिवसभर आईने शिवलेले जुन्या सुती साडीचे लंगोट आणि बाहेर जाताना व रात्री डायपर असं ठरवलं आणि पाकीट जे आठवड्यात संपायचं ते महिन्याच्या जवळ जायला लागलं. धुण्याचं काम वाढतं हे खरं, घरात आणखी हात असतील तरच करा, उगाच कोणी एकटीवर लादू नका.

स्वतःसाठी मेन्स्ट्रुअल कप. पॅडवरचा जीएसटी २०१८ ला गेला तरी पॅड काही फुकट होत नाहीत. कप नीट सांभाळला तर कित्येक वर्षं जातो. सवय व्हायला थोडे महिने लागले, पहिल्याच वेळी जमलं नाही म्हणून फेकून देऊ नका. जे डायपर लागतात ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढून देते, कचरा वेचणाऱ्या ताईंना न उघडता कळतं आत काय आहे ते. कागद फुकट, काळी पिशवी विकत, एवढा साधा हिशेब आहे.

खान्देशी पोट्टा

बॅचलर आहे त्यामुळे माझ्या टिपा कमी 😅 डासांच्या रिफिलमध्ये रॉकेल आणि कापूर घालून वापरतात असं रूममेट सांगतो. कोणी केलंय का?

नवसागर

करू नका. रात्रभर खोलीत गरम होणारं रॉकेल, तेही प्लास्टिकच्या यंत्रात, प्लगला लावून. खिडकीला वेल्क्रोची जाळी लावून घ्या, मापाने शिवून मिळते, एकदाच खर्च. पाय दुमडता येणारी मच्छरदाणी घेतलीत तर रिफिल लागणारच नाही.

खान्देशी पोट्टा

बरं काका. रिचार्जेबल सेल घेऊ का मग, घड्याळ, रिमोट वगैरेला?

वाटाणा

घड्याळ-रिमोटला नको, ते साध्या सेलवर वर्ष वर्ष चालतात, पैसे वसूल होणार नाहीत. मुलांची खेळणी, ट्रिमर, वायरलेस माउस, जे सारखं सेल खातं त्याला घ्या.

एक्स-पुणेकर, सध्या ह्यूस्टन

इथे लिक्विड डिटर्जंटचं झाकण एवढं मोठं असतं की गरज त्याच्या तळाच्या पहिल्या रेषेइतकीच असते, बाकीचं झाकण कंपनीसाठी. ड्रायर शीट्स घेणं बंद केलं. बाल्कनीत कपडे वाळत घालायला सोसायटीची बंदी आहे म्हणून आत स्टँडवर, टेक्सासच्या उन्हात घरातसुद्धा दुपारपर्यंत खडखडीत वाळतात.

माजघर

देवाच्या खर्चाचं राहिलंच की. तयार वातींची पाकिटं, फुलवाती, तुपात भिजवलेल्या वाती, आता सगळं विकत मिळतं आणि महिन्याला बरंच होतं. मी कापसाची गुंडाळी आणते, दुपारी मालिका बघताना वळते. बोटांना चिमूटभर रांगोळी किंवा भस्म लावलं की कापूस सरकत नाही, पीळ घट्ट बसतो. सैल वळलेली वात भसाभस जळते आणि तेल जास्त पिते, म्हणजे नुकसान दोन्हीकडून. सूनबाई म्हणते तेवढ्या वेळात अजून काहीतरी करा, पण मालिका बघताना अजून काय करणार?

पितळेची समई, तांब्याचा तांब्या यांना चिंचेचा कोळ आणि मीठ. सणाच्या आधी पितांबरी, एरवी चिंच.

हिशेबनीस

मस्त चाललंय! माजघर, रांगोळीचं नव्हतं माहीत, आज करून बघते.

माझी एक शंका. केरसुणीला काही त्रास नाही पण नवं फुलझाडू आणलं की आठवडाभर त्याचाच भुसा झाडत बसावं लागतं. कोणाकडे उपाय?

सोलापुरी

गच्चीत नेऊन भिंतीवर आपटा आणि जुन्या फणीने वरून खाली विंचरा, बराचसा निघून जातो. तोंडाला फडकं बांधून, नाहीतर शिंका.

माजघर

नवं फुलझाडू आधी शेजारच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये वापरायला द्यायचं 😄