शब्दचर्चा: मेमरी चिप वाचतानाचं ‘क्लॉक’ – घड्याळ, ठोका की आवर्तन?

कुरूटाक
एका तांत्रिक टिपणाचं मराठी करतोय. मेमरी चिपमधून डेटा वाचताना क्लॉकच्या टायमिंगचं नियंत्रण सोपं कसं करायचं, हा विषय. संपादकांनी सुचवलेला मथळा असा: ‘स्मृतिसंचातून विदावाचनासाठी घटिका-कालनियंत्रणाचे सुलभीकरण’. मथळा जाऊ दे, पण आत क्लॉक, एज, सायकल, लेटन्सी, स्क्यू, स्ट्रोब, ट्रेनिंग असे शब्द पानोपानी आहेत. वाचणाऱ्याला अडखळायला होणार नाही असं काही सुचवा.

बोरूवाला
आधी ‘घटिका’ काढून टाका. घटिका चोवीस मिनिटांची. इथे नॅनोसेकंदाच्या तुकड्यांचा हिशोब चाललाय!

‘घड्याळ’ही नकोच. किती वाजले हे हा क्लॉक कुणाला सांगत नाही. तो नुसता ठरावीक वारंवारतेने वर-खाली होणारा संकेत. त्याला क्लॉकच राहू द्या. एजला, म्हणजे संकेत वर चढतो वा खाली उतरतो त्या क्षणाला, ‘कड’ छान बसतो: चढती कड, उतरती कड.

आडवळण
कड म्हणजे काठ, किनारा. मला ‘ठोका’ जास्त आवडतो. घड्याळाचे ठोके पडतात, काळजाचा ठोका चुकतो. क्षण दाखवणारा शब्द आपल्याकडे तयार आहे. ‘सीएल २२’ म्हणजे वाचनाचा हुकूम दिल्यावर २२ ठोक्यांनी डेटा, असं लिहिलं की कुणालाही कळेल.

बोरूवाला
कळेल, पण चुकीचं कळेल. डीडीआर (डबल डेटा रेट) मेमरीत चढत्या आणि उतरत्या, दोन्ही कडांवर डेटा येतो. प्रत्येक कड हा ठोका धरला तर २२ ठोके म्हणजे ११च आवर्तनं झाली. सीएल मोजतात ते पूर्ण आवर्तनांत. सायकलला शाळेच्या भौतिकशास्त्रापासून ‘आवर्तन’ आणि तिच्या कालावधीला ‘आवर्तकाल’ आहेच, ते सोडायचं कारण नाही.

डीडीआर४-३२०० चा क्लॉक १६०० मेगाहर्ट्झ, आवर्तकाल ०.६२५ नॅनोसेकंद. सीएल २२ असेल तर १३.७५ नॅनोसेकंद. डीडीआर३-१६०० मध्ये सीएल ११, आवर्तकाल १.२५, गुणाकार पुन्हा १३.७५च. सीएलचा आकडा दुप्पट झाला म्हणून नवी चिप मंद, असं समजणारे पुष्कळ भेटतात. म्हणून लेटन्सीला ‘प्रतीक्षाकाल’ म्हणावं आणि तो नॅनोसेकंदांत द्यावा. सीएल ही ‘प्रतीक्षेची आवर्तनं’. ‘विलंब’ मात्र डिलेसाठी राखून ठेवा, पुढे लागणार आहे.

कुरूटाक
आवर्तन घेतलं. आता स्ट्रोब. कोशातून ‘क्षणदीप’ काढलाय.

वाटसरू
तो फोटोवाल्यांना द्या. इथला स्ट्रोब कशासाठी आहे ते पाहिलं की शब्द आपोआप सापडेल.

कंट्रोलर (मेमरीला हुकूम देणारं सर्किट) क्लॉक पाठवतो, चिप डेटा परत पाठवते. जाण्यायेण्यात वेळ जातो. बोर्डावरच्या तारेत संकेत एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर धावतो आणि डीडीआर४-३२०० चा एक बिट टिकतो ०.३१२५ नॅनोसेकंद. म्हणजे बिटाच्या आयुष्यात पाच सेंटिमीटरही अंतर कापलं जात नाही. त्यात तापमान आणि व्होल्टेज बदललं की चिपमधला विलंबही सरकतो. अशा वेळी कंट्रोलरने आपल्याच क्लॉकच्या कडेवर डेटा उचलला, तर तो बिट बदलण्याच्या ऐन क्षणी हात घालू शकतो. मग फ्लिपफ्लॉप (एक बिट धरून ठेवणारं सर्किट) ना शून्य ना एक, काही काळ अधांतरी. (मेटास्टेबलला ‘अधांतरी’पेक्षा चांगला शब्द शोधून दाखवा.)

यावर तोडगा असा की चिप डेटाबरोबर, तशाच तारेवरून, स्वतःचा एक संकेत पाठवते. तो स्ट्रोब. वाटेत डेटाला जो उशीर होतो तो जवळपास तितकाच त्यालाही होतो, त्यामुळे दोघांमधलं अंतर टिकून राहतं. माझा शब्द ‘सांगाती संकेत’.

आडवळण
सांगाती! मस्त. पण टिपणात ‘सुलभीकरण’ म्हटलंय ते यालाच का? कारण डीडीआरच्या वाचनात सांगात्याची कड डेटाच्या कडेबरोबरच येते. बिटाच्या मधोमध उचलायचं तर कंट्रोलरला सांगाती पाव आवर्तन उशिरा न्यावा लागतो. लिहिताना कंट्रोलर स्वतःच तो मधोमध पाठवतो, वाचताना सगळा भार कंट्रोलरवर.

वाटसरू
बरोबर, आणि बोरूवाला म्हणाले तो ‘विलंब’ इथे लागतो: मुद्दाम घातलेला, मोजून. शिवाय डीडीआरचा सांगाती सतत चालू नसतो. वाचन नसताना ती तार मोकळी असते, म्हणून कंट्रोलरला सांगात्याला आत घेणारं दार नेमक्या वेळी उघडावं आणि मिटावं लागतं. क्यूडीआर एसरॅम या दुसऱ्या जातीच्या मेमरीचा एको क्लॉक (तिथला सांगाती) अखंड चालतो, तिथे ही दाराची कटकट नाही. तेव्हा टिपण कोणत्या मेमरीबद्दल आहे ते बघूनच ‘सोपं’ शब्द वापरा. खरं सुलभीकरण ईएमएमसीत (फोनसारख्या उपकरणांतल्या साठवणीच्या चिपमध्ये) दिसतं. तिच्या एचएस२०० या वेगप्रकारात कंट्रोलर ठरावीक नमुना वेगवेगळ्या विलंबांनी पुन्हा पुन्हा वाचतो आणि नीट वाचता येणाऱ्या पट्ट्याचा मध्य निवडतो. एचएस४०० मध्ये डेटाला सांगाती मिळाला, पण हुकमाच्या उत्तराला नव्हता, त्यामुळे ती खटपट उरलीच. ५.१ आवृत्तीतल्या एन्हान्स्ड स्ट्रोबमध्ये उत्तरालाही सांगाती आला, तेव्हा ती टळली.

कुरूटाक
त्या खटपटीलाच माझ्या टिपणात ट्यूनिंग म्हटलंय, आणि डीडीआरच्या भागात ट्रेनिंग. ‘प्रशिक्षण’ लिहिलं होतं.

बोरूवाला
प्रशिक्षण कुणाचं, तारांचं? दोन्हीकडे ‘जुळवणी’ लिहा. स्क्यूला (संकेत एकमेकांच्या मागेपुढे पोचणं) ‘तफावत’, जिटरला (कडेची वेळ किंचित डळमळणं) ‘थरथर’. सेटअप आणि होल्डला नवे शब्द घडवू नका, ‘कडेआधी डेटा किती वेळ स्थिर हवा’ आणि ‘कडेनंतर किती वेळ’ असं सरळ सांगा. वाक्य लांबेल, लांबू दे.

कुरूटाक
मथळा असा करतोय: ‘मेमरी वाचताना क्लॉकची जुळवणी सोपी कशी करावी’. ‘सांगाती संकेत’ पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘स्ट्रोब’ ठेवतो, पुढे नुसता सांगाती.

आडवळण
‘ठोका’ कुठेच नाही?

बोरूवाला
एसपीआय फ्लॅशच्या (मोजक्या तारांवर चालणाऱ्या मेमरीच्या) साध्या वाचनाच्या भागात घाला. तिथे प्रत्येक आवर्तनाला प्रत्येक तारेवर एकच बिट येतो, गोंधळ व्हायचा नाही.