वारंवारता, तारता आणि पट्टी

प्रश्न : ध्वनीविषयी मराठीत लिहिताना वारंवारता, कंप्रता, तारता आणि पट्टी हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. ते समानार्थी मानावेत का?

उत्तर : कंप्रता आणि वारंवारता यांपुरतेच ते खरे आहे. एका सेकंदात किती कंपने होतात, हे या दोन्ही शब्दांनी सांगितले जाते आणि ते हर्ट्झमध्ये मोजतात. ४४० हर्ट्झचा ध्वनी २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो, म्हणून त्याची तरंगलांबी सुमारे ७८ सेंटिमीटर भरते. ही सारी मोजमापे ऐकणारा असो वा नसो, तीच राहतात.

तारतेचे तसे नाही. स्वर उंच की खालचा, ही कानाला होणारी जाणीव म्हणजे तारता. वारंवारता वाढली की तारता बहुधा वाढते, आणि त्यामुळेच दोन्ही शब्दांची गल्लत होते. पण त्या वेगळ्या आहेत याचा पुरावा साध्या दूरध्वनीत मिळतो. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो. पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारता १२० हर्ट्झ असेल, तर ती वाटेतच गळते आणि तिच्या पटीतल्या ३६०, ४८०, ६०० अशा वारंवारता तेवढ्या पोहोचतात. तरीही ऐकणाऱ्याला तो आवाज ३६० हर्ट्झइतका उंच वाटत नाही, कारण या पटींमधले १२० चे समान अंतर पकडून मेंदू मूळ स्वर स्वतःच उभा करतो. येथे १२० हर्ट्झची तारता आहे, पण त्या वारंवारतेची लहर नाही. म्हणून ‘या स्वराची तारता ४४० हर्ट्झ आहे’ असे लिहिण्यापेक्षा तेथे ‘वारंवारता’ लिहावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

पट्टी हा गाण्यातला शब्द. गायकाने षड्ज, म्हणजे सप्तकातला ‘सा’, कोठे धरला, हे तो सांगतो. ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ ही हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून पडलेली त्याची नावे. षड्ज २४० हर्ट्झवर असेल तर पंचम (प) ३६० वर आणि तार षड्ज (वरचा सा) ४८० वर येतो. पट्टी बदलली की हे आकडे बदलतात, २:३ आणि १:२ ही गुणोत्तरे मात्र बदलत नाहीत.

पुरवणी : ‘तारता’मधला ‘तार’ म्हणजे वाद्याची तार असे अनेकांना वाटते. तो संस्कृतातला, ‘उंच स्वराचा’ या अर्थाचा ‘तार’ आहे आणि ‘तार सप्तक’ यातही तोच आहे. त्याच्या उलट टोकाला ‘मंद्र’, म्हणजे खालच्या, खोल स्वराचा. ‘मंद्र’ऐवजी ‘मंद’ लिहिले की अर्थच बदलतो, कारण मंद आवाज हळू असतो आणि हळूपणाचा संबंध कंपनाच्या आयामाशी, म्हणजे कंपन किती मोठे आहे याच्याशी आहे. मंद्र षड्ज भरदार, मोठ्याने लावता येतो. तार षड्ज अगदी मंद लावता येतो.

‘आवाज चढवणे’ या प्रयोगात मात्र मोठेपणा आणि उंची एकत्र आली आहेत, आणि ती चूक मानू नये. माणूस ओरडतो तेव्हा फुप्फुसांतल्या हवेचा दाब वाढतो, स्वरतंतूंवरचा ताणही बहुधा वाढतो, त्यामुळे आयामाबरोबर वारंवारताही वर जाते. बोलण्यात हा प्रयोग जसाच्या तसा राहू द्यावा. शास्त्रीय लेखनात आयाम वाढला की वारंवारता वाढली, हे वेगळे सांगावे.